वजा केलं, पण जमा कुठे?

१८ फेब्रुवारीला संध्याकाळी ऑफिसचा शेवटचा कॉल संपवून फोन उघडला, तर व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर क्रूसच क्रूस. राखाडी पार्श्वभूमी, मधे काट्यांचा मुकुट, खाली ‘चाळीस दिवस, एक निर्धार’. कुणी चहा सोडला होता, कुणी गोड. माझ्या इंजिनिअरिंगच्या बॅचमधल्या एकाने इन्स्टाग्राम सोडल्याची घोषणा इन्स्टाग्रामवरच केली होती. कपाळावर राखेचा क्रूस, डोळे मिटलेले, उजेड बरोबर एका बाजूने. खाली एकशे बारा बदाम.

हसू नका. दोन वर्षांपूर्वी मी पण हेच केलं होतं. स्क्रीन टाइमचा आलेख टाकला होता, रोजचे चार तास वरून सव्वा तास. लोकांनी ‘प्राउड ऑफ यू भावा’ लिहिलं. ईस्टरच्या दिवशी ॲप परत टाकलं आणि दुपारपर्यंत चाळीस दिवसांचं सगळं बघून संपवलं. वाचलेल्या वेळेचं मी काय केलं? झोपलो. वाचलेल्या पैशाचं काय केलं? वाचलेच नव्हते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंतचा काळ म्हणजे लेंट. मराठीत कुणी उपवासकाळ म्हणतं, कॅथलिक लोक प्रायश्चित्तकाळ म्हणतात, आमच्या घरात सरळ लेंट. मोजले तर दिवस सेहेचाळीस भरतात, पण रविवार उपवासाचा धरत नाहीत, म्हणून सहा वजा करून चाळीस. येशूने अरण्यात चाळीस दिवस उपवास केला त्याची ही आठवण.

यंदा तर आमच्या शिरोळ तालुक्यात उपवासांची गर्दी झाली. रविवारी १५ तारखेला महाशिवरात्र, खिद्रापूरच्या कोपेश्वराला जाणाऱ्या गाड्यांची रांग. बुधवारी आमची राख. त्याच आठवड्यात रमजान. आणि उपवासाच्या बाबतीत आमच्याकडच्या जैन आज्ज्यांच्या तर कुणी नादालाच लागू नये. त्या नुसत्या पाण्यावर जे दिवस काढतात ते ऐकूनच मला भूक लागते.

इतक्या उपाशी माणसांत बसून मी हे लिहितोय, आणि माझं भांडण माझ्याच लोकांशी आहे. म्हणणं एवढंच की आपण लेंटमध्ये वजाबाकी शिकलो आणि बेरीज विसरलो. आपण काहीतरी सोडतो, पण सोडलेलं कुणाला मिळत नाही. हिशोबाच्या वहीत एका खात्यातून रक्कम वजा झाली आणि दुसऱ्या कुठल्याच खात्यात जमा झाली नाही, तर तिला चूक म्हणतात. कधी कधी चोरीही म्हणतात. आपण तिला उपवास म्हणतो.

*

आधी आम्ही कोण ते सांगतो, कारण ‘शिरोळमध्ये ख्रिश्चन?’ हा प्रश्न मला पुण्यात दर तीन महिन्यांनी येतो. आडनाव ऐकून लोक गोंधळतात, डब्यातला तांबडा रस्सा बघून आणखी गोंधळतात.

रॉयल गूल्ड वाइल्डर नावाचे अमेरिकन मिशनरी १८५२ मध्ये कोल्हापुरात आले. पुढे १८७० मध्ये हे काम अमेरिकेतल्या प्रेसबिटेरियन मिशनकडे गेलं. तिकडे मिरजेत विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये दवाखाना उभा केला. आमच्या भागातली बरीच ख्रिस्ती घरं या दोन टोकांच्या मधली. कुणाचा पणजोबा मिशनच्या शाळेत शिकला, कुणाची आजी दवाखान्यात नर्स होती. त्याआधी ही घरं गावकुसाबाहेर होती. हे आम्ही लग्नाच्या बायोडेटात लिहीत नाही, पण आमच्यात सगळ्यांना माहीत असतं.

आमची मंडळी, म्हणजे चर्चची माणसं, तीसेक घरांची. पाळकसाहेब आहेत, चार वडील आहेत, एक पेटी, एक ढोलकी आणि कुणीतरी भेट दिलेला कीबोर्ड, ज्याचे दोन सूर वाजत नाहीत. माणसं शिक्षक, नर्स, एमआयडीसीतले कामगार, एक-दोन अर्ध्या एकराचे ऊसवाले, आणि माझ्यासारखे आठवड्यातले काही दिवस घरातून काम करणारे. भेटलो की ‘जय ख्रिस्त’ म्हणतो. रविवारी उपासना झाली की निम्मी मंडळी मटणाच्या दुकानात परत भेटते.

आता यातली गंमत बघा. आमचं मूळ प्रेसबिटेरियन, आणि त्या परंपरेत लेंट नव्हतंच. आमच्या एका म्हाताऱ्या वडिलांना या चाळीस दिवसांचा रागच आहे. ते म्हणतात, “आमच्या लहानपणी नव्हतं हे. आता टीव्ही बघून, मोबाइल बघून आणलंय पोरांनी.” त्यांचं पूर्ण बरोबर नाही. १९७० मध्ये नागपुरात वेगवेगळ्या सहा परंपरा एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, तेव्हापासून अँग्लिकन वळणाचं कॅलेंडर आणि प्रेसबिटेरियन वळणाची माणसं एका छपराखाली येत गेली. हे मोबाइलच्या बरंच आधीचं. पण त्यांच्या चिडण्यामागे एक जुनं कारण आहे, आणि ते मला पटतं.

१५२२ सालची गोष्ट. झुरिकमध्ये क्रिस्टोफ फ्रोशाउअर नावाचा छापखानावाला होता. लेंटमध्ये मांस खायला बंदी. पण जत्रेच्या आधी पुस्तकं छापून काढायची म्हणून त्याचे कामगार रात्रंदिवस राबत होते. त्याच्या घरी लेंटमध्ये सॉसेज कापून खाल्ले गेले. बोंबाबोंब झाली. फ्रोशाउअरचा बचाव साधा होता: एवढं काम करणारी माणसं नुसत्या लापशीवर कशी उभी राहणार? त्या घरी झ्विंगली नावाचा धर्मोपदेशक हजर होता. त्याने स्वतः खाल्लं नाही, पण नंतर प्रवचनात या लोकांची बाजू घेतली. खाण्याची सक्ती माणसावर नको, म्हणाला. आमच्या परंपरेची एक सुरुवात तिथली आहे.

तेव्हाच्या युरोपात या बंदीचा धंदाही झाला होता. लेंटमध्ये लोणी खायचंय? पैसे भरा, परवानगी घ्या. फ्रान्समधल्या रूआँ शहरात कॅथेड्रलच्या एका मनोऱ्याचं नावच ‘लोण्याचा मनोरा’ आहे, कारण तो या परवानगीच्या पैशातून उभा राहिला असं सांगतात.

म्हणजे आमच्या पूर्वजांनी लेंट टाकलं ते चिकन सुटेना म्हणून नव्हे. राबणाऱ्याच्या पोटावर उपवास लादला जात होता आणि पैसेवाल्याला पळवाट होती, म्हणून टाकलं. आता आपण ते परत आणलंय. आणायला माझी हरकत नाही. पण ज्या दुखण्यामुळे ते टाकलं होतं त्याकडे न बघता आणलं, तर म्हाताऱ्या वडिलांचा राग खरा ठरतो.

*

मग मुळात उपवास कशासाठी होता? यासाठी मी थोडं जुनं वाचलं. वीकेंडला दुसरं काही नव्हतं.

दुसऱ्या शतकात ॲरिस्टायडीस नावाच्या अथेन्सच्या माणसाने रोमच्या सम्राटाला ख्रिस्ती लोकांची ओळख करून दिली. त्यात तो सांगतो की यांच्यात कुणी गरजू असला आणि द्यायला जास्तीचं काही नसलं, तर ही माणसं दोन-तीन दिवस उपाशी राहतात आणि वाचलेलं अन्न त्याला देतात. त्याच शतकात रोममध्ये लिहिलेल्या ‘हर्मासचा मेंढपाळ’ या पुस्तकात तर सरळ कृतीच दिली आहे. उपवासाच्या दिवशी भाकरी-पाणी घे. एरवी जे खाल्लं असतंस त्याची किंमत काढ. ती रक्कम विधवेला, अनाथाला, गरजूला दे.

किंमत काढ! अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वी कुणीतरी उपवासाचा हिशोब लिहायला सांगत होतं, आणि आपण लेंटच्या नावाखाली वजन मोजतोय. मंडळीतल्या एका मुलाने मला खरंच विचारलं, “दादा, लेंटमध्ये इंटरमिटंट फास्टिंग केलं तर दोन्ही होईल ना?” त्याला काय दोष द्यायचा? त्याला आम्ही उपवासाचा अर्थ ‘स्वतःवर ताबा’ एवढाच शिकवला. ताबा तर जिमचा ट्रेनरही शिकवतो, आणि आमच्यापेक्षा चांगला.

यशया संदेष्ट्याच्या ग्रंथाचा अठ्ठावन्नावा अध्याय लेंटमध्ये हमखास वाचला जातो. आमच्याकडेही वाचला. त्यात लोक देवाला विचारतात, आम्ही उपवास करतो तरी तू बघत का नाहीस? आणि उत्तर येतं ते फार टोचणारं आहे. उपवासाच्या दिवशीही तुम्ही तुमच्या कामकऱ्यांना राबवता, असं ते उत्तर सुरू होतं. मग जोखड सोडा, भुकेल्याला वाटून द्या, बेघराला घरात घ्या, असं पुढे जातं. हे वाचून झाल्यावर आम्ही ‘आमेन’ म्हटलं. चर्चच्या खिडकीतून समोर उसाचा फड दिसत होता.

*

आता त्या फडाबद्दल.

शिरोळ म्हणजे ऊस. कृष्णा आणि पंचगंगेच्या मधली काळी जमीन. दरवर्षी जयसिंगपूरला ऊस परिषद भरते, आणि टनाला किती मिळणार यावर आमच्याकडचं शेंबडं पोरगंही मत देऊ शकतं. ‘पहिली उचल किती?’ हा आमच्या तालुक्यातला हवामानाइतका नेहमीचा प्रश्न. शेतकऱ्याची उचल म्हणजे कारखान्याकडून हातात पडणारा पहिला हप्ता.

पण त्याच फडात ‘उचल’ या शब्दाचा दुसरा अर्थ राहतो. बीडकडून, मराठवाड्यातून जी तोडणारी माणसं येतात, त्यांनी हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेले पैसे म्हणजेही उचल. ती फेडण्यासाठी तोडायचं. नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात. एक दिवस आजारी पडलं तर खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. एकाच उसावर एकच शब्द, एकाला मिळकत आणि दुसऱ्याला कर्ज. शाळेत आम्हाला अनेकार्थी शब्द शिकवले, त्यात हा नव्हता.

हंगाम साधारण नोव्हेंबरात सुरू होतो आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये संपत येतो. म्हणजे लेंट आणि हंगामाचा शेवट दरवर्षी एकमेकांवर येतात. आमच्या चर्चपासून चालत दहा मिनिटांवर यंदा चाळीसेक खोपी आहेत. पाचटाचं छप्पर, वर कागद, आत एक चूल. माणसं पहाटे अंधारात निघतात. मोठ्या मुली लहानग्यांना सांभाळतात. त्यांच्यातली एक दहा-अकरा वर्षांची मुलगी रोज आमच्या चर्चच्या नळावर पाणी भरायला येते. गुरुवारच्या प्रार्थनेच्या वेळी तिची कळशी वाजते म्हणून नळ बंद ठेवावा, अशी सूचना एका सभेत आली होती. ती मंजूर झाली नाही, याचं श्रेय मी मंडळीला देतो. पण ती आली होती.

चाळीस दिवस आम्ही अरण्यातल्या भुकेची आठवण काढतो, आणि दहा मिनिटांवर पाचटाच्या छपराखाली माणसं जगतायत. एकही स्टेटस त्यांच्याबद्दल नव्हतं.

*

मी इंजिनिअर माणूस, म्हणून आकडे काढले. राखेच्या बुधवारच्या आदल्या रविवारी तरुण संघाच्या बैठकीत मांडले.

घरं तीस. आठवड्यातून एकदा घरात अर्धा किलो मटण येतं असं धरा. किलोचा दर आठशे धरा. यावर कोल्हापूर जिल्ह्यात भांडण होऊ शकतं, मटणाच्या दरासाठी २०१९ मध्ये कोल्हापूरकर रस्त्यावर उतरले होते, पण हिशोबापुरतं चालवून घ्या. अर्ध्या किलोचे चारशे. सहा आठवड्यांचे दोन हजार चारशे. तीस घरांचे बहात्तर हजार. चाळीस खोपींत वाटले तर खोपीमागे अठराशे रुपये.

म्हणजे आम्ही जे मटण ‘सोडणार’ होतोच, ते सोडल्याने बहात्तर हजार वाचणार होतेच. प्रश्न फक्त ते कुठे जातात हा होता. आतापर्यंत ते ईस्टरच्या मटणात जात होते, दुप्पट.

बैठकीत दहा मिनिटं शांतता. मग बोलणं वडिलांपर्यंत गेलं आणि तीन उत्तरं आली. तिन्ही प्रामाणिक होती, म्हणून इथे मांडतो.

पहिलं, “अरे बाबा, हे सोशल वर्क झालं. लेंट आध्यात्मिक आहे.” याला माझं उत्तर वर दिलंय. यशयाने हे दोन कप्पे केलेले नाहीत. हर्मासनेही नाहीत. कप्पे आपण केले, कारण आध्यात्मिक कप्प्यात पैसे लागत नाहीत.

दुसरं उत्तर एका काकूंनी दिलं आणि ते मला लागलं. “आम्हीच कुठले श्रीमंत? आमच्याकडे महिन्यात दोनदा मटण येतं. तू पुण्याच्या पगारावर बोलतोयस.” खरं आहे. माझा हिशोब माझ्या घरावरून काढलेला होता. आणि आमच्या लोकांची गरिबी नुसती नशिबाची नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा धर्माला बांधला. १९५६ मध्ये शीख त्यात आले, १९९० मध्ये बौद्ध आले, ख्रिस्ती दलित आजही बाहेर आहेत. गावकुसाबाहेरून आलो, पण कागदावर ते दिसत नाही. अशा घराला ‘द्या’ म्हणायचा मला काय अधिकार?

याचं उत्तर मला माझ्या आजीच्या डब्यात सापडलं. ती भाकरीचं पीठ काढताना शेवटची मूठ वेगळ्या डब्यात टाकायची. डबा भरला की जायचा. कुणाकडे, हे आम्हा पोरांना कधी कळलं नाही. तिच्याकडे काही फार नव्हतं, चौघांच्या पिठातलीच ती मूठ होती. नंतर वाचलं की मिझोरममध्ये हेच शंभरहून अधिक वर्षं चालू आहे. तिथलं चर्चही प्रेसबिटेरियन, वेल्श मिशनऱ्यांचं. तिथल्या बायका प्रत्येक जेवणाचा भात शिजवताना मूठभर तांदूळ बाजूला काढतात. त्याला ‘बुहफाइ थाम’ म्हणतात. ते तांदूळ गोळा होतात, विकले जातात आणि त्या पैशातून चर्चची मोठमोठी कामं चालतात. डोंगरातल्या साध्या बायकांनी मुठीमुठीने एवढं उभं केलं. तेव्हा काकूंचं म्हणणं मी मान्य करतो आणि आकडा मागे घेतो. चारशे नको. मूठ. ज्याच्या घरात मूठही नाही त्याने उपवासही करू नये, त्याचा वर्षभर होतोच आहे. आणि माझ्यासारख्या पुण्याच्या पगारवाल्याची मूठ मोठी असली पाहिजे, हे काकूंनी सांगायची वेळ यायला नको होती.

तिसरं उत्तर सगळ्यात हळू आवाजात आलं. “तिकडे खोपीवर वाटायला गेलो आणि कुणी व्हिडिओ काढला तर? उद्या धर्मांतर करायला आले म्हणतील.”

या भीतीला मी हसणार नाही. तीस घरांची मंडळी आहे, एका व्हिडिओने काय होऊ शकतं ते आम्ही रोज फोनवर बघतो. पण या भीतीवरचा उपाय त्याच बुधवारच्या वाचनात होता. राखेच्या बुधवारी मत्तयाच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय वाचतात. देताना कर्णा वाजवू नका, उजव्या हाताचं डाव्याला कळू देऊ नका, उपवास करत असाल तर तोंड धुऊन नीट फिरा, लोकांना दाखवू नका, असं येशू सांगतो. (आणि हे ऐकून आम्ही कपाळाचा फोटो काढतो!) मग तसंच द्या. चर्चचं नाव नको, बॅनर नको, पत्रक नको, प्रार्थना नको, फोटो तर अजिबात नको. आधी जाऊन विचारा काय हवंय. जवळच्या शाळेतल्या बाई, अंगणवाडीच्या ताई यांच्या हातून जाऊ दे. ज्याच्याकडे दाखवायला काही नाही त्याचा व्हिडिओ कसला काढणार?

आणि एक आठवण करून देतो. ऑगस्ट २०१९ चा पूर. कृष्णा-पंचगंगा एक झाल्या होत्या. आमच्या घरात कमरेएवढं पाणी होतं, आम्ही आठ दिवस एका शाळेच्या वर्गात होतो. जेवणाची पाकिटं यायची. मठातून, मशिदीतून, कुठल्या तरी गावच्या तालमीतून, कुठल्या तरी तरुण मंडळाकडून. मी दोन वेळा शिरा-पुरी खाल्ली आणि कुणाची ते आजही माहीत नाही. त्याच पुरात काही पाकिटांवर नेत्यांचे फोटो चिकटवले गेले, त्यावर महाराष्ट्रभर टीका झाली. आम्हीही केली. म्हणजे घेणाऱ्याच्या बाजूने कर्णा कसा ऐकू येतो ते आम्हाला माहीत आहे. आणि बिनकर्ण्याचं अन्न कसं लागतं तेही.

*

माझ्या शेजारी राहणारा मुस्लिम मित्र हे सगळं ऐकून म्हणाला, “तुमच्यात नियमच नाही का?” त्याच्याकडे आहे. वर्षभर साठलेल्या बचतीवर, ठरावीक मर्यादेच्या वर असेल तर, अडीच टक्के जकात. बरेच लोक ती रमजानमध्ये काढतात. शिवाय फितरा, तो ईदच्या नमाजच्या आधी द्यायचा असतो. कारण उघड आहे, ईदच्या दिवशी गरिबाच्या घरातही ईद झाली पाहिजे. नमाज झाल्यावर दिलं तर उशीर झाला.

आमच्यात नियम नाही, कारण आम्ही झ्विंगलीची पोरं, सक्ती नको म्हणतो. ठीक. पण सक्ती नसणं आणि काहीच नसणं यात फरक आहे. मोकळीक मिळाली ती राबणाऱ्याला खाता यावं म्हणून. आपण तिचा वापर न देण्यासाठी केला.

त्या मित्राच्या बोलण्यातली एक गोष्ट डोक्यातून जात नाही: उशीर. मंडळीने शेवटी एक ठराव केला. लेंटची दानाची पेटी ठेवायची आणि ईस्टरच्या उपासनेत उघडायची. ठराव एकमताने झाला, मीही हात वर केला. घरी येऊन कॅलेंडर बघितलं. ईस्टर ५ एप्रिलला आहे.

५ एप्रिलला तिथे खोपी नसतील. हंगाम संपेल, ट्रॅक्टरवर भांडी, शेळ्या आणि पोरं बसतील, आणि पाचट तेवढं उरेल. आम्ही पांढरे कपडे घालून पेटी उघडू, पैसे मोजू, टाळ्या वाजवू, आणि ते पैसे बहुधा कीबोर्डच्या त्या दोन सुरांत जातील.

म्हणून पाळकसाहेब, वडील, काकू आणि स्टेटसवाल्या मित्रांनो, माझी मागणी एवढीच आहे. पेटी दर रविवारी उघडा. पहिला रविवार गेला, पाच राहिलेत. जे जमेल ते सोमवारी संध्याकाळपर्यंत त्या बाईंच्या हातात पोहोचू दे, पाचशे असोत की पाच हजार. आणि आमच्यात ज्यांचा ऊस आहे त्यांनी आपला फड तोडणाऱ्या कोयत्याला एकदा विचारावं, खाडा किती पडला. खाडा मुकादम कापतो, तुम्ही नाही, हे मला माहीत आहे. तरी विचारावं. तोडणीच्या वेळी खुशालीचे पैसे मागतात म्हणून त्यांच्यावर चिडायला आपल्याला जमतं, तर हेही जमेल.

उरलेल्यांनी चहा सोडा, गोड सोडा, रील्स सोडा, काहीही सोडा. पण संध्याकाळी एकदा वही उघडून बघा की सोडलेलं कुणाच्या नावावर जमा झालं. रकाना रिकामा असेल तर दुसऱ्या दिवशी निवांत चहा प्या. निदान चहावाल्याला तरी दहा रुपये मिळतील.

हे लिहिताना रात्रीचे साडेअकरा झालेत. कारखान्याचा भोंगा अजून वाजतोय, म्हणजे अजून काही दिवस आहेत. सकाळी ती मुलगी नळावर येईल. तिला काय हवंय, हे मी अजून विचारलेलं नाही.